मठ, वारी आणि चित्रपट महोत्सव

फ्रेंच चित्रपट-समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी १९५५ साली 'काइए द्यू सिनेमा' या मासिकाच्या जून अंकात एक लेख लिहिला. कान येथे दरवर्षी भरणारा चित्रपट महोत्सव हा जणू एक संन्यासी संघ आहे, अशी कल्पना करून त्यांनी तो रचला आहे. लेखाचा सूर मिस्कील आहे. तरीही तो केवळ गंमत म्हणून वाचून बाजूला ठेवावा असा नाही. बाझाँ कॅथॉलिक विचारविश्वात वावरणारे होते. इमान्युएल मूनिए यांच्या 'एस्प्री' या नियतकालिकातून ते लिहीत असत आणि व्यक्तीच्या प्रतिष्ठेला केंद्रस्थानी मानणाऱ्या मूनिए यांच्या विचाराचा त्यांच्यावर खोल ठसा होता. अशा माणसाने मठाची उपमा वापरली, तर तिची नीट परीक्षा करणे उचित ठरते.

ही परीक्षा आज करण्याचे कारणही आहे. बाझाँच्या काळी मोजकेच महोत्सव भरत. आज चित्रपटवेड्या माणसाचे सबंध वर्ष महोत्सवांच्या तिथींनी भरून जाऊ शकते. जानेवारीच्या अखेरीस रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील लोकार्नो, ऑगस्टच्या शेवटी व्हेनिस, नोव्हेंबरमध्ये गोवा, डिसेंबरमध्ये तिरुवनंतपुरम असा हा फेरा आहे. परदेशी जाणे ज्याला परवडत नाही, त्याला पुणे, मुंबई, पणजी आणि केरळ एवढी वाट पुरेशी असते. दिवसाला पाच चित्रपट धरले, तर दहा दिवसांत पन्नास होतात. असे सहा महोत्सव केले, की वर्षाकाठी तीनशे चित्रपट पाहून होतात. या माणसाला काय म्हणावे? तो संन्यासी आहे, भटका आहे, की वारकरी? बाझाँच्या लेखातून निघणारा आणि त्या लेखाने अर्धवट सोडलेला प्रश्न तो हाच.

प्रथम बाझाँचे म्हणणे पाहू. महोत्सवाच्या इमारतीला ते चित्रपटाचा आधुनिक मठ मानतात. तेथे येणारे लोक जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले असतात. परंतु तेथे पोहोचताच सर्व जण एका नियमाखाली राहू लागतात. सकाळी, दुपारी, रात्री ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी हजर व्हायचे. रात्रीच्या खेळाला विशिष्ट पोशाख हवा. त्याखेरीज प्रवेश नाही. जणू संघाचा झगाच तो. मठातील प्रार्थनांच्या घटका आणि महोत्सवातील खेळांच्या वेळा यांतील साम्य बाझाँ हसत हसत दाखवतात. एका नियमाने बांधलेली आणि एकाच परतत्त्वाच्या चिंतनात एकत्र आलेली माणसे, ही संघाची मूळ कल्पना त्यांना तेथे दिसते.

या उपमेत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. चित्रपट आज घरबसल्या मिळतो, खिशातल्या मोबाइलवरही मिळतो. तो आपण हवा तेव्हा थांबवतो, पुढे ढकलतो, अर्धवट सोडून जेवायला उठतो. महोत्सवात यांपैकी काहीच चालत नाही. तेथे रांगेत उभे राहावे लागते, वेळ पाळावी लागते, अनोळखी भाषेतील, अनोळखी दिग्दर्शकाची, कदाचित कंटाळवाणी वाटणारी कृतीही अंधारात शेजाऱ्याशी न बोलता शेवटपर्यंत पाहावी लागते. आपल्या आवडीनिवडी दोन तास दाराबाहेर ठेवून दुसऱ्याच्या दृष्टीने जग पाहणे ही एक साधना आहे. प्रार्थनेचा आणि कलास्वादाचा मार्ग एक नव्हे. परंतु एकाग्रतेचा सराव दोहोंनाही लागतो. ज्याला दोन तास शांत बसवत नाही, त्याला मिस्साबलिदानातील दोन मिनिटांची स्तब्धताही जड जाते, हे आपण आपल्या मंदिरांतून पाहतोच.

मतभेद येथून सुरू होतो. मठ म्हणजे केवळ वेळापत्रक आणि पोशाख नव्हे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात संन्याशांचे चार प्रकार सांगितले आहेत. एका मठात, एका मठाधिपतीच्या आज्ञेत राहणारे मठवासी. दीर्घ तयारीनंतर अरण्यात एकटे राहणारे एकांतवासी. कोणताही नियम न मानता आपल्या इच्छेलाच धर्म समजणारे स्वैर संन्यासी. आणि चौथे, सर्वांत वाईट, ते भटके. हे भटके एका मठात तीन-चार दिवस पाहुणचार घेतात आणि पुढच्या मठाकडे निघतात. ते कोठेही रुजत नाहीत आणि आपल्या इच्छांचे दास होऊन राहतात. याच कारणास्तव बेनेडिक्ट यांच्या परंपरेत संन्याशाला आज्ञापालन व जीवनपरिवर्तन यांबरोबरच स्थैर्याचे व्रत घ्यावे लागते. ज्या घरात आलो, त्याच घरात, त्याच भावंडांसोबत, मरेपर्यंत राहायचे.

ही कसोटी लावली, की बाझाँची उपमा लंगडी पडते. महोत्सवात नियम आहे, स्थैर्य नाही. आज्ञापालन आहे, पण ते दहा दिवसांपुरते. दारिद्र्याच्या व्रताचे तर नावच काढायला नको. कानच्या समुद्रकिनाऱ्यावर चित्रपटांच्या बरोबरीने बाजारही मांडलेला असतो, हे सर्वज्ञात आहे. जो माणूस वर्षभर एका महोत्सवातून दुसऱ्या महोत्सवात जातो, तो बेनेडिक्ट यांच्या यादीत चौथ्या प्रकाराच्या फार जवळ येतो. त्याचे पाहणे वाढते, परंतु पाहिलेले मुरायला सवड राहत नाही. पन्नासावा चित्रपट पाहताना पहिल्याचे नाव आठवेनासे होते. मग किती पाहिले याची गणती सुरू होते. आणि भक्तीची जागा गणतीने घेतली, की जपमाळेचे मणीसुद्धा केवळ मणी उरतात.

आपल्या मराठी मातीत या प्रश्नाला दुसरा एक शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे वारी. वारकरी चालतो, गर्दीत मिसळतो, ठरल्या तिथीला ठरल्या गावी पोहोचतो. आणि मग घरी परततो. त्याच्या मागे शेत असते, कुटुंब असते, पेरणी असते. परतण्यावाचून वारी पूर्ण होत नाही. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा मराठी चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला व गौरवला गेला. परदेशी महोत्सवाची मान्यता मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांपैकी एकाचा नायक वारकरी असावा, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

तेव्हा महोत्सवाचे मोल ठरवताना 'तेथून काय परत आले?' असे विचारले पाहिजे. १९५२ च्या जानेवारीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि पुढे मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. युद्धोत्तर इटलीतील साध्या माणसांचे चित्रपट तेथे दाखवले गेले. त्यांपैकी व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून बिमल रॉय प्रभावित झाले आणि १९५३ साली त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. कर्जात बुडालेला शेतकरी, कलकत्त्यात ओढलेली हातरिक्षा आणि हातची गेलेली जमीन, हा त्याचा विषय. तो १९५४ मध्ये कानला गौरवला गेला. पाहणाऱ्याने पाहिले ते आपल्या मातीत पेरले आणि पीक आले. हीच खरी वारी.

बाझाँनी ज्या वर्षी तो लेख लिहिला, त्या १९५५ च्या कान महोत्सवाकडे याच दृष्टीने पाहावे. सर्वोच्च पुरस्कार म्हणून 'सुवर्ण ताडपर्ण' त्या वर्षी प्रथमच देण्यात आले आणि ते डेल्बर्ट मान यांच्या 'मार्टी' या अमेरिकन चित्रपटाला मिळाले. मार्टी हा न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील चौतीस वर्षांचा इटालियन वंशाचा खाटीक. दिसायला ओबडधोबड, मनाने हळवा, आईबरोबर राहणारा. भावाबहिणींची लग्ने झाली, 'तुझे कधी?' म्हणून गिऱ्हाइकेसुद्धा त्याला टोचतात. एका शनिवारी रात्री त्याला त्याच्यासारखीच कोणी न निवडलेली एक शिक्षिका भेटते. मित्र तिला नावे ठेवतात, आईलाही ती नको असते, आणि मार्टी कचरतो. तो शेवटी तिला दूरध्वनी करायला उठतो, एवढीच काय ती कथा. रविवारची मिस्सा, आईचा स्वयंपाक, लग्नाबद्दल नातेवाइकांची कुजबूज, हे सारे आपल्या धर्मग्रामांतील घरांत जसेच्या तसे सापडेल. आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संघटनेच्या परीक्षक मंडळानेही त्या वर्षी याच चित्रपटाची निवड केली. तीत कोठेही चमत्कार नाही, उपदेश नाही. दुसऱ्यांच्या नजरेने स्वतःचे मोल करणे थांबवणारा एक माणूस मात्र आहे. ही निवड मला अतिशय योग्य वाटते.

त्याच महोत्सवात दोन बालकलाकारांचा विशेष उल्लेख करून गौरव करण्यात आला. एक स्पेनचा पाब्लितो काल्वो. चित्रपट 'मार्सेलिनो पान इ विनो', म्हणजे 'मार्सेलिनो, भाकर आणि द्राक्षारस'. दुसरी आपल्या मुंबईची बेबी नाज. चित्रपट राज कपूर यांनी निर्माण केलेला व प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेला 'बूट पॉलिश'. दोन्ही कथा अनाथ मुलांच्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे.

मार्सेलिनोला कोणीतरी तान्हेपणी मठाच्या दारात सोडून जाते. बारा फ्रान्सिस्कन बंधू त्याला वाढवतात. माळ्यावर जायची बंदी असताना तो जातो. तेथे त्याला क्रुसावरचा ख्रिस्त दिसतो. हा माणूस भुकेलेला आहे असे वाटून तो स्वयंपाकघरातून भाकर आणि द्राक्षारस चोरून नेतो. ख्रिस्त हात पुढे करून ते घेतो. चित्रपटाचा हा गाभा अत्यंत सुंदर आहे: भुकेल्याला दिलेला घास ख्रिस्ताला पोहोचतो, हे शुभवर्तमानातील सत्य एका बालकाला कोणी न शिकवता उमगते. परंतु शेवट मला खटकतो. आईला भेटायची इच्छा व्यक्त करून ते मूल ख्रिस्ताच्या बाहूंत प्राण सोडते. मृत्यूला इतके गोड रूप दिले, की प्रेक्षकाचे डोळे ओले होतात आणि पृथ्वीवर उरलेल्या अनाथांचा त्याला विसर पडतो.

'बूट पॉलिश' मध्ये तो विसर पडू दिलेला नाही, निदान बराच वेळ. भोला आणि बेलू ही भावंडे. आई मेलेली, बाप तुरुंगात, आणि सांभाळणारी काकी मारून-मुटकून भीक मागायला लावणारी. शेजारचा जॉन चाचा त्यांना सांगतो, की उपाशी राहा, पण हात पसरू नका, कष्टाचे खा. पै पै साठवून मुले पॉलिशचे सामान घेतात. आणि मग पावसाळा येतो. चिखलात कोण बूट चकाकवून घेणार? शेतकरी ज्या पावसासाठी आभाळाकडे पाहतो, तोच पाऊस शहरातल्या या मुलांची चूल विझवतो. चित्रपटातील सर्वांत खरा भाग हा आहे.

जॉन चाचाबद्दल आपण वेगळे बोलले पाहिजे. हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती पात्र म्हणजे दारूची बाटली, हे समीकरण आपल्याला वर्षानुवर्षे बोचत आले आहे. आणि जॉन चाचाही दारू विकणाराच आहे. दारूबंदीच्या त्या काळात तो याच गुन्ह्याखाली पकडलाही जातो. तरीही लेखकाने त्याच्याच तोंडी स्वाभिमानाची शिकवण घातली आणि बेने इस्रायली समाजातील अभिनेते डेव्हिड यांनी त्या लंगड्या, गरीब, प्रेमळ माणसात प्राण ओतला. स्वतः चुकलेला माणूस दोन लेकरांना सरळ वाट दाखवतो. देवाची कृपा कोणत्या पात्रातून वाहील हे आपण ठरवू शकत नाही. म्हणून जॉन चाचाचा राग मानण्यापेक्षा त्याला आपल्यातला एक म्हणून स्वीकारणे मला अधिक ख्रिस्ती वाटते. चित्रपटाचा शेवट मात्र येथेही सोपा केलेला आहे. श्रीमंत कुटुंब मुलीला दत्तक घेते, ताटातूट झालेली भावंडे भेटतात, शाळेची वाट मोकळी होते, आणि पावसाने विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहतो. मार्सेलिनोला स्वर्ग मिळाला, बेलूला बंगला. बाकीच्या मुलांचे काय, हे दोन्ही चित्रपट सांगत नाहीत.

अशा रीतीने ब्रॉंक्सचा खाटीक, स्पेनचा अनाथ आणि मुंबईची पॉलिशवाली मुलगी त्या वर्षी एकाच पडद्यावर आली. इतर कोणत्या ठिकाणी ती एकत्र आली असती? महोत्सवाची थोरवी याच गोष्टीत आहे, आणि ख्रिस्तसभेने महोत्सवांपासून दूर न राहता तेथे जाऊन बसणे का पसंत केले, याचेही उत्तर यात आहे. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांवर परिपत्रक काढले, तेव्हा सूर मुख्यतः सावधगिरीचा होता. १९५७ मध्ये बारावे पायस यांच्या परिपत्रकात प्रेक्षकाला शिक्षण देण्यावर भर आला, आणि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र फर्मान संमत केले. ही वाट निर्वेध नव्हती. १९६४ साली व्हेनिस येथे पाझोलिनी यांच्या 'मत्तयकृत शुभवर्तमान' या चित्रपटाला कॅथॉलिक संघटनेने पुरस्कार दिला. दिग्दर्शक मार्क्सवादी व निरीश्वरवादी होते, आणि चित्रपट मात्र पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीस अर्पण केलेला होता. चारच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांच्याच 'तेओरेमा' ला त्याच महोत्सवात कॅथॉलिक परीक्षकांनी गौरवले, तेव्हा व्हॅटिकनने तीव्र नापसंती दर्शवली. पारखणाऱ्याने धोका पत्करला, की असे प्रसंग येणारच. तरीही परीक्षक मंडळे मोडली नाहीत. कानमध्ये १९७४ पासून कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट परीक्षक एकत्र बसून पुरस्कार देत आहेत. २०२४ साली तो इराण सोडून आलेले दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ यांच्या 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' ला मिळाला. त्याच महोत्सवात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' ने 'ग्राँ प्री' हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळवला. मुंबईच्या रुग्णालयातील केरळी परिचारिका आणि घर हिरावले गेल्यामुळे कोकणात परतणारी त्यांची सहकारी, अशी ती कथा आहे. सत्तर वर्षांनीही मुंबईतील बेघरांची गोष्ट कानपर्यंत जात आहे. ती आपल्या घरांपर्यंत किती पोहोचली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पुन्हा बाझाँकडे येऊ. त्यांच्या लेखात राहिलेली उणीव त्यांच्या आयुष्याने भरून काढली, असे माझे मत आहे. ते नुसते महोत्सवांना जात नव्हते. युद्धानंतर कामगारांच्या वस्त्यांत, कारखान्यांत, तरुणांच्या मंडळांत चित्रपट नेऊन त्यांवर चर्चा घडवून आणणे हे त्यांनी आपले काम मानले होते. १९४८ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा चित्रपट मंडळ चालवण्याच्या नादात कर्जबाजारी झाला आणि त्याची रवानगी बालसुधारगृहात झाली. बाझाँनी त्याच्यासाठी शब्द टाकला, त्याला काम दिले. पुढे तो सैन्यातून पळाला आणि लष्करी तुरुंगात पडला. तेथूनही त्याला सोडवण्यासाठी बाझाँ धावले, आणि त्यांनी व त्यांच्या पत्नीने त्याला आपल्या घरात ठेवून घेतले. तोच त्रुफो १९५९ मध्ये कानला आपला पहिला दीर्घ चित्रपट 'द फोर हंड्रेड ब्लोज' घेऊन गेला आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरला. तीही सुधारगृहात टाकलेल्या एका मुलाचीच गोष्ट आहे. ती बाझाँना अर्पण केलेली आहे; कारण चित्रीकरण सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९५८ रोजी, रक्ताच्या कर्करोगाने बाझाँ वारले. वय अवघे चाळीस. मार्सेलिनो आणि बेलू यांच्या चित्रपटांनी 'बाकीच्या मुलांचे काय?' हा प्रश्न सोडून दिला. पडद्यावर अनाथ पाहून घरी परतलेल्या या समीक्षकाने मात्र दारातल्या मुलाला आत घेतले.

भारतातही असे एक उदाहरण आहे. येशूसंघीय धर्मगुरू गास्ताँ रॉबेर्ज यांनी १९६१ साली भारतात येताना वाटेत न्यूयॉर्कमध्ये सत्यजित राय यांची अपू-चित्रत्रयी पाहिली. त्यांनी कलकत्त्यात १९७० मध्ये 'चित्रबाणी' ही संस्था उभी केली आणि २०२० मध्ये देहावसान होईपर्यंत चित्रपट कसा पाहावा हे पिढ्यान्पिढ्या शिकवले. प्रवासात पाहिलेले तीन चित्रपट एका शहराच्या सेवेत पन्नास वर्षे रुजले.

आपल्यापैकी बहुतेकांना कान किंवा व्हेनिसला जाणे शक्य नाही, आणि ते आवश्यकही नाही. महोत्सवाने निवडून ठेवलेले धान्य आपल्या अंगणात पेरता येते. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने १९९५ मध्ये धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन विभागांत प्रत्येकी पंधरा, एकूण पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. त्यात 'बायसिकल थीव्ह्ज' आहे, 'गांधी' आहे, आणि एर्मान्नो ओल्मी यांचा १९७८ सालचा 'द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज' ही आहे. या शेवटच्या चित्रपटाला कानमध्ये सुवर्ण ताडपर्ण आणि ख्रिस्ती परीक्षकांचा पुरस्कार, दोन्ही मिळाले. इटलीतील बेर्गामो भागातली एकाच वाड्यात राहणारी गरीब शेतकरी कुटुंबे, त्यांची संध्याकाळची रोझरी, त्यांचीच बोलीभाषा, आणि कलाकार म्हणून खरेखुरे शेतकरी. शाळेला दूर चालत जाणाऱ्या मुलाची पायातली खडाव तुटते, म्हणून बाप जमीनदाराचे झाड तोडतो, आणि त्या अपराधापायी कुटुंबाला घर सोडावे लागते. आपल्या आजी-आजोबांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. उलट तेच नातवंडांना तो समजावून सांगतील.

माझी सूचना साधी आहे. उपासनावर्षाचे ऋतू आपल्या हाताशी आहेतच. आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ, पुनरुत्थानकाळ आणि सामान्यकाळ यांत प्रत्येकी एक, असे वर्षाला चार चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात सर्वांनी मिळून पाहावेत. आरंभ ओल्मींच्या शेतकऱ्यांपासून करावा, दुसरा 'बूट पॉलिश' घ्यावा. मोबाइल दाराशी ठेवावेत. चित्रपट संपल्यावर दिवे लावून अर्धा तास बोलावे. प्रथम मुलांना बोलू द्यावे, धर्मगुरूने शेवटी बोलावे. तीनशे चित्रपटांच्या वर्षापेक्षा असे चार चित्रपटांचे वर्ष लहान दिसेल. पण 'बूट पॉलिश' पाहून बाहेर पडताना वसाहतीतील एखाद्या शाळा सुटलेल्या मुलाचे नाव कोणाच्या ओठी आले, आणि सोमवारी कोणी त्याच्या घरी गेले, तर त्या वर्षाचा हिशोब चुकता झाला असे समजावे.